गोधड्यांचा स्टुडिओ

विमलावहिनी उठून चालल्या आहेत, हे मला स्वयंपाकघरात बसून हेडफोनमधून कळलं. आधी तंबोरा थांबला. मग बांगड्या वाजल्या. मग खणखणीत आवाज आला, "कुत्रं समजलात काय मला?" आणि दार आपटलं.

माझ्यासमोर टेप शांतपणे फिरत होती. सगळं रेकॉर्ड होत होतं. आवाजाची लेव्हल म्हणाल तर अगदी नामी आली होती.

मी तेव्हा बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात टेस्टिंगला होतो. तयार झालेलं यंत्र पास की नापास हे आमचं खातं ठरवायचं. साल एकसष्ट असेल नाहीतर बासष्ट. स्टोअर्समधला कुलकर्णी माझा मित्र, आणि विमलावहिनी त्याची बायको. साताऱ्याहून इथे येऊन त्यांना सहा महिने झाले होते. बाई स्वतः चाली लावायच्या आणि असं गायच्या की हातातला चहा निवून जावा. अकरा वर्षं हळदीकुंकवात आणि डोहाळजेवणात गात होत्या, त्यापलीकडे कुणी ऐकलं नव्हतं. अशात एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस मद्रासहून आला. कुलकर्ण्याने त्याला गाठलं. तो म्हणाला, "मी घरोघरी जाऊन गाणी ऐकत नाही. टेप आणा. सोमवारी सकाळी नऊपर्यंत मी लॉजवर आहे, मग निघालो."

हे बुधवारी. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तुमच्या त्या खोलीत होईल का हो? एकदा माझा आवाज तिथपर्यंत जाऊ दे. नको म्हणाले तर म्हणू देत. ऐकून नको म्हणू देत."

मी हो म्हणालो. आता ती खोली म्हणजे काय ते सांगतो.

स्टुडिओ म्हटलं की लोकांना मशीन आठवतं. खरं काम खोलीचं असतं. बसवनगुडीतल्या आमच्या भाड्याच्या घरात पुढची खोली रिकामी होती. तिथे टाळी वाजवली की टाळी परत यायची. दगडी फरशी, गुळगुळीत भिंती, आवाज त्यांच्यावर आपटून माघारी येतो. माणूस बोलला तर विहिरीत पडल्यासारखा वाटतो. हे घालवायला भिंतीवर मऊ, जाड काहीतरी लागतं. परदेशात त्यासाठी खास तक्ते मिळतात म्हणे. मी आमच्या सहा गोधड्या ठोकल्या.

"आणि थंडीत पांघरायचं काय? स्टुडिओ?" माझी बायको कुसुम म्हणाली.

"चादरी आहेत की."

"चादरी तुम्ही घ्या."

खिळे ठोकायला घरमालकिणीची परवानगी लागली. तुळसाक्का त्यांचं नाव, आमच्या शेजारीच राहायच्या. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले ते इकडचेच झाले. त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द कन्नड. माझ्या मराठीला त्या 'पुण्याची कडक' म्हणायच्या. गोधड्या बघून म्हणाल्या, "सरी, सरी. भिंतीला थंडी वाजत असेल, पाप, बिचारी. खिळे मात्र स्वल्प बारीक मार हं."

माईक मिलिटरी डिस्पोजलच्या दुकानातून घेतला, जुनाच. त्याला स्टँड हवा. मोटर जळलेला एक उभा पंखा भंगारात होता, त्याचा दांडा कामी आला. माईकचा आवाज फार बारीक असतो, तो वाढवायला अँप्लिफायर लागतो. तो मी घरीच जोडला. चालू केला आणि घूं असा आवाज सुरू झाला. ह्याला हम म्हणतात. घरातल्या विजेच्या तारांमधला आवाज नाजूक वायरिंगमध्ये शिरतो. उपाय सोपा, सगळं सामान पत्र्याच्या डब्यात बंद करायचं आणि डबा अर्थ करायचा, म्हणजे तारेने जमिनीला जोडायचा. घरात तसा एकच डबा होता, शंकरपाळ्यांचा. हम गेला. शंकरपाळे पातेल्यात गेले आणि दोन दिवसांत मऊ पडले, ते मला पुढे बरेच महिने ऐकवण्यात आलं.

उरलं मुख्य मशीन. टेप रेकॉर्डर विकत घेणं माझ्या बापाच्यानेही झालं नसतं. कारखान्यात एक होता. आमचे साहेब मेनन. शनिवारी त्यांच्याकडे गेलो.

"सर, टेप रेकॉर्डर एका रविवारपुरता घरी नेऊ का? फील्ड टेस्ट करतो."

"कसली फील्ड टेस्ट?"

"घरगुती व्होल्टेजवर कसा चालतो ते बघायचंय."

मेनन साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "जोशी, गाणारं कोण आहे?"

मी खरं सांगितलं. खोटं बोलायला लागलो की माझे कान लाल होतात, ते साहेबांना ठाऊक होतं.

"सोमवारी दहाला मशीन टेबलावर पाहिजे. आणि रिपोर्टही पाहिजे. टाईप केलेला."

मशीन रिक्षात घालून, मांडीवर धरून आणलं. टेपची स्पूल एकच, अर्ध्या तासाची. मशीन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं, कारण त्याच्या मोटरचा आवाज माईकला ऐकू येता कामा नये. आमचा कंट्रोल रूम तो. मधलं दार बंद, त्याच्याखालून वायर. पलीकडे काय चाललंय ते मला दिसणार नाही, फक्त हेडफोनमध्ये ऐकू येणार. मशीनवर एक हिरवा दिवा असतो, त्याला मॅजिक आय म्हणतात. आवाज वाढला की त्या डोळ्याची पापणी मिटत येते. पूर्ण मिटली तर आवाज फाटला, सताड उघडी राहिली तर गाणं कमी आणि घरच जास्त ऐकू येतं. अर्धवट झोपेतला डोळा हवा.

सुरू करा हे पलीकडे कसं सांगायचं? मी खोलीत एक लाल बल्ब लावला. बल्ब लागला की गायचं. पण वहिनी सूर लावताना डोळे मिटायच्या. मग मी मृदंगवाल्या आचारांना सांगितलं की बल्ब तुम्ही बघा आणि बाईंना खूण करा. आचार हे त्यांचं आडनाव. वय साठीचं, गल्लीतल्या देवळात भजनाला वाजवायचे. तबलजी मिळाला नाही म्हणून ते आले होते. कन्नडशिवाय त्यांना काही येत नव्हतं. वहिनींना कन्नड बेकु, बेडा म्हणजे हवं, नको, आणि भाजीचे भाव एवढंच येत होतं. मी आचारांना बजावलं, "हळू सांगा. थोडक्यात. माईक फार तिखट आहे." सगळ्या बाजू पक्क्या झाल्या असं मला वाटलं.

एक अडचण बाहेर होती. पलीकडच्या रस्त्यावर लग्न होतं. मुहूर्त अकरा चाळीसचा. त्या वेळी नादस्वर, म्हणजे इकडची मोठी सनई, आणि ढोल असे एकदम उठतात की दोन गल्ल्यांना अक्षता टाकल्याचं कळतं. म्हणजे त्याच्या आत आटपायला हवं. कुलकर्ण्याची रविवारची ड्यूटी होती, वहिनी एकट्याच जटक्यातून, म्हणजे इकडच्या टांग्यातून, तंबोरा घेऊन आल्या. तंबोरा लागायला वेळ गेला, मृदंग लागायला त्याहून जास्त. अकरा वाजता मी टेप चालू केली, बटण दाबलं, बल्ब लागला.

हेडफोनमध्ये आचारांचा दबका आवाज आला, "हाडम्मा."

तंबोरा चालू, गाणं नाही.

"हाडम्मा, हाडम्मा."

आणि मग ते कुत्रं आणि ते दार.

मी हेडफोन फेकून पुढे धावलो. आचार मृदंग मांडीवर घेऊन बसले होते, चेहरा पार उतरलेला. "नान् एन् हेळिदे?" म्हणाले. म्हणजे, मी असं काय म्हणालो? मलाही कळेना. सहा वर्षं कन्नड ऐकून माझे कान इतके सरावले होते की त्यात मराठी काही ऐकूच येत नव्हतं.

वहिनी फाटकापर्यंत पोचल्या होत्या. तंबोऱ्याला गवसणीसुद्धा घातली नव्हती. हाक मारून जटका थांबवत होत्या.

"वहिनी, अहो झालं काय?"

"काय झालं? तुमच्या त्या म्हाताऱ्यांनी मला हाड म्हटलं. एकदा नाही, तीनदा. वर हात असा हलवून. दारातल्या कुत्र्याला हाकलतात तसं. भावजी, मी काही गायला मिळावं म्हणून वाटेल ते ऐकून घेणारी नाही. नाही गेला आवाज मद्रासला तर राहिला. साताऱ्याला आम्ही कुत्र्यालासुद्धा दोनदाच हाड म्हणतो."

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं. रागापेक्षा ते मला जास्त लागलं. अकरा वर्षांनी दार उघडलं आणि आतून हाड ऐकू आलं, असं त्यांना वाटत होतं.

तेवढ्यात तुळसाक्का त्यांच्या कट्ट्यावरून उतरल्या. सगळं ऐकलं होतंच. फाटकाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"स्वल्प थांब ग. नीट सांग बघू, आचार काय म्हणाले? हाड म्हणाले का हाडम्मा म्हणाले?"

"तेच ते. हाड, अम्मा. वर अम्मा म्हणून मान देतायत."

तुळसाक्का पोट धरून खाली बसल्या. बोलता येईना त्यांना. "अग बाई ग... अग हाडु म्हणजे गाणं. आमच्याकडे कन्नडात. हाडम्मा म्हणजे गा ग बाई. गा म्हणतायत ते तुला. हात हलवून गा म्हणतायत!"

वहिनी तशाच उभ्या. हातात तंबोरा.

"गा?" म्हणाल्या.

"गा."

आधी ओठ हलले, मग खांदे, मग त्या जे हसत सुटल्या ते थांबेचनात. जटकेवालाही हसायला लागला, त्याला काय कळलं कोण जाणे. मी मात्र कपाळाला हात लावला. बल्ब, वायर, डबा, अर्थ, सगळं तीन-तीनदा तपासलं होतं. एक शब्द तपासायचा राहिला होता, आणि तो शब्द मला स्वतःला दोन्ही भाषांत येत होता.

आत येऊन तुळसाक्कांनी आचारांना उलट बाजू समजावली. मराठीत हाड कुणाला म्हणतात हे कळल्यावर बिचारे दोन्ही कान धरून उभे राहिले. दुसरं काय म्हणू, असं विचारायला लागले. वहिनी त्यांच्यासमोर बसल्या आणि मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, हाडम्माच म्हणा. दुसरं काही म्हणालात तर मी गाणार नाही."

अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. टेप मागे घेतली. स्पूल एकच, म्हणजे भांडणावरच गाणं भरायचं. आज वाटतं, तो तुकडा ठेवायला हवा होता.

बल्ब. "हाडम्मा." आणि वहिनी गायल्या. हसून आवाज मोकळा झाला होता. हिरवा डोळा अर्धा मिटून डोलत होता. कुसुम पोळ्या लाटायचं सोडून माझा एक हेडफोन कानाला लावून बसली. पहिलं गाणं झालं तेव्हा ती म्हणाली, "राहू देत गोधड्या तिथेच."

दुसरं गाणं घेतलं. दोन कडवी झाली, तिसरं अर्ध्यावर आलं आणि लग्न लागलं. मुहूर्त पाच मिनिटं आधीच उरकला होता लोकांनी. नादस्वर, ढोल, झांजा, सगळं एकदम गोधड्यांतून आत. नादस्वराचा सूर वेगळा, वहिनींचा वेगळा. मला वाटलं थांबतील. थांबल्या नाहीत. आचारही थांबले नाहीत. शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या आणि मगच तंबोऱ्यावरचा हात थांबला.

मी म्हणालो, "हे दुसरं पुसून टाकतो. लग्न गेलंय सगळं त्यात."

"नका पुसू," वहिनी म्हणाल्या. "जीव लावून गायलेय. राहू दे माझ्यासाठी."

सोमवारी आठ वाजता मशीन आणि टेप घेऊन मी लॉजवर गेलो. कंपनीच्या माणसाने अंगावर पंचा, हातात कॉफी, अशा थाटात ऐकलं. पहिलं गाणं संपलं.

"गोड आहे," तो म्हणाला. "पण मिस्टर, गोड गाणाऱ्या बायका मला रोज भेटतात."

मी मशीन बंद करायला हात पुढे केला. घाईत चुकीचं बटण दाबलं की मुद्दामच बंद केलं नाही, मला अजून सांगता येत नाही. दुसरं गाणं सुरू झालं. त्याने कॉफी खाली ठेवली नाही. नादस्वर उठला तेव्हा ठेवली. पुढे वाकला. संपल्यावर म्हणाला, "परत लावा. लग्नापासून."

परत लावलं.

"बाजूला भलत्या सुरात एवढं वाजतंय आणि ही बाई केसभरही हलली नाही. आमच्या स्टुडिओत नावाजलेले लोक पंखा घरघरला तरी सुरावरून घसरतात. हिचा पत्ता लिहा. पुढच्या महिन्यात मद्रासला बोलावतो. मृदंग कुणाचा? त्यांनाही आणा."

मी पत्ता लिहिला. अक्षर फार वाईट आलं. मशीन रिक्षात तसंच ठेवून आधी कुलकर्ण्याच्या घरी गेलो. वहिनी नळावर होत्या. मी सांगितलं. त्यांनी कळशी खाली ठेवली, नळ तसाच सोडला, आणि पदर तोंडाला लावून पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "ऐकलं ना त्यांनी? सगळं ऐकलं?"

"दोनदा ऐकलं."

"मग झालं."

रेकॉर्ड निघाली. मागच्या बाजूला तेच दुसरं गाणं होतं, लग्नाशिवायचं. मला विचाराल तर आमच्या खोलीतलं जास्त चांगलं होतं.

कारखान्यात मी साडेदहाला पोचलो. मेनन साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्या कानांकडे. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, घरगुती व्होल्टेजवर मशीन समाधानकारक चालतं. पुढे त्या खोलीत मी पुष्कळ रेकॉर्डिंग केलं आणि दर वेळी सुरू करायच्या आधी दोन गोष्टी तपासल्या. व्होल्टेज मीटरवर दिसतं. भाषेसाठी मीटर नाही, तुळसाक्कांना बोलवावं लागतं.