लाल स्वेटर

माझी आत्या कॅलेंडरच्या छापखान्यात निसर्गाचे फोटो सुधारायची. धुरकट डोंगर उठावदार करायचे, मळकं आकाश स्वच्छ करायचं, हे तिचं काम. पहिल्याच हिवाळ्यात तिने हौसेने लालभडक स्वेटर विणला आणि तो घालून कामाला बसली. बारा फोटोंचे नमुने छापून आले, तर बर्फाचे डोंगर शेवाळ धरल्यासारखे हिरवट! स्वेटरची लाली स्क्रीनवर पडत होती, आणि ही बया ती फोटोतलीच समजून प्रत्येक फोटोतला लाल रंग कमी करत बसली होती.

"चालून जाईल हो, कोणाला कळतंय?" मालक म्हणाले.

"मला कळतंय ना!" आत्या कडाडली. बाराही फोटो तिने पुन्हा पहिल्यापासून केले.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षं ती कामावर राखाडी कपड्यांतच गेली. आई चिडवायची, "वन्सं, जरा रंग लागू द्या की अंगाला!"

निवृत्तीच्या दिवशी मात्र ती तोच लाल स्वेटर घालून गेली. संध्याकाळी मी तिला आणायला गेले, तेव्हा निरोपाची भाषणं आटोपली होती. तेवढ्यात मालक घुटमळत म्हणाले, "एवढा एक तलावाचा फोटो बघून देता का? पाच मिनिटांचं काम आहे."

आत्याने स्वेटर उतरवला, दाराबाहेरच्या खुंटीला अडकवला आणि खुर्ची पुढे ओढली.

आत राखाडी सदरा होताच.