आधी मोडलं, मग पडले

मधली सुट्टी संपून मुलं वर्गात बसत होती तेवढ्यात सलीमभाईंचा फोन आला. आमच्या गावच्या दूध संस्थेचे कॅन त्यांच्याच टेंपोतून बीडला जातात. एरवी फोनवर ते इतक्या मोठ्यानं बोलतात की फोन कानापासून लांब धरावा लागतो. त्या दिवशी आवाज ओळखूच येईना. "मॅडम, घरी या. आक्का गेल्या." मी विचारलं, "कुठं गेल्या?" … खरंच, असंच विचारलं मी. सलीमभाई पुन्हा नुसतं "घरी या" म्हणाले, आणि मग कळलं. रडू नंतर आलं. आधी आली ती भीती. आता मला भ्या वाटलं तर मी कुणाकडं बघायचं?

गोदावरीआक्का ही माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आमचं गाव बीडहून मांजरसुंब्याकडं जाताना पालीच्या आसपास, बिंदुसरेच्या धरणापासून जवळच. आक्का तरुणपणीच सासरहून माहेरी आल्या त्या कायमच्या. माझे पती दत्तात्रय त्यानंतर जन्मले, शेंडेफळ. आक्कांनीच त्यांना अंगाखांद्यावर वाढवलं. पुढं गावातल्या बायकांना जमवून त्यांनी दूध संस्था काढली आणि अध्यक्ष झाल्यावरही रोज सकाळी केंद्रावर स्वतः बसून दुधात काचेची नळी सोडून पाणी पारखत राहिल्या. डावा पाय आखूड होता. चालताना सगळं अंग एका बाजूला कलायचं. लग्न होऊन आले तेव्हा पायाबद्दल मी एकदाच विचारलं. "पडलते," एवढंच म्हणाल्या, आणि ज्या आवाजात म्हणाल्या त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर आमचं फारसं जमत नसे. त्यांचं बोलणं कडक, माझं मन हळवं. एका घरात राहूनही आम्ही कामापुरतंच बोलायचो.

बऱ्याच वर्षांनी मला दिवस राहिले ते नेमके दुष्काळात. बिंदुसरेच्या तळाला भेगा पडलेल्या, गावाला टँकरचं पाणी. साखर कारखान्यानं जनावरांची छावणी उघडली होती आणि दत्तात्रय आमच्या म्हशी घेऊन तिथंच मुक्कामाला होते. सातवा सरत आला तेव्हा माझ्या डाव्या जांघेत दुखायला लागलं. आधी वाटलं, ओझं वाढलंय. मग फळ्यापाशी उभं राहवेना. मग पाय उचलून उंबरा ओलांडता येईना, हातानं मांडी धरून पलीकडं ठेवावी लागे. आडवं पडलं की थांबायचं, उभं राहिलं की खुब्यात कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं. गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, बाळ नसेवर आलंय, बाळंत झाल्यावर बरं होईल. शेजारच्या काकूंनी तेल चोळायला सांगितलं. कुणी हळूच हाडाचा टीबी म्हणालं, कुणी त्याहून हळूच त्या दुसऱ्या रोगाचं नाव घेतलं. मी पोटावर हात ठेवून पडून राहायचे आणि मनात एकच यायचं, या हाडात जे काही वाढतंय ते बाळ जन्मायच्या आधीच मला संपवणार.

आक्का तेव्हा नुसत्या माझ्या पायाकडं बघायच्या. एक दिवस मी भिंत धरून मोरीकडं चालले होते. त्या हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुनंदा, थांब. हलू नको तिथनं." मग त्यांनी सलीमभाईंना हाक मारली. दोघांनी कॅन उतरवून टेंपोत गादी टाकली आणि मला उचलून त्या गादीवर ठेवलं. सलीमभाई टेंपो इतका हळू चालवत होते की मागून बैलगाडी पुढं गेली. खड्डा आला की आक्का माझ्या मांडीखाली दोन्ही हात घालून पाय वर धरायच्या. सपाट रस्ता आला तरी त्या हात काढत नव्हत्या. मला वाटलं, पुढच्या खड्ड्यासाठी.

बीडला बाळंतपणाच्या डॉक्टरबाईंनी हाडांच्या डॉक्टरांना बोलावलं. पोटात बाळ असताना क्ष-किरण नकोत, एमआरआय करू, त्यात बाळाला त्रास नाही, असं ते म्हणाले. मशीनच्या बोगद्यात मला जेमतेम जागा झाली. आतला तो ठोकल्यासारखा आवाज सुरू झाला आणि बाळ एकाएकी हलायचं थांबलं. मी ओरडले. कुणाला ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही. पण माझ्या पायाचा तळवा कुणीतरी घट्ट धरला. आक्कांनी अंगावरचं सगळं धातूचं, जोडवीसुद्धा, बाहेर काढून ठेवलं होतं आणि भांडून आत आल्या होत्या. थोड्या वेळानं बाळानं लाथ मारली.

डॉक्टरांनी चित्र उजेडाला धरलं. म्हणाले, "खुब्याच्या गोळ्यात सूज आहे, हाड विरळ झालंय. दोन आजार असे दिसतात. एकात हाडाचं रक्त बंद होऊन गोळ्याचा तुकडा मरतो. मग खुबा बदलायची वेळ येते. दुसऱ्यात हाड काही महिन्यांपुरतं ठिसूळ होतं आणि आपलं आपण भरून येतं. गरोदरपणाच्या शेवटी होतं कधीकधी. का होतं, ते आम्हालाही पुरतं माहीत नाही. इथं मेलेला तुकडा दिसत नाही, म्हणून तुमचं हे दुसरं वाटतंय." वाटतंय! त्या एका शब्दाला मी पुढं कितीतरी महिने लटकून राहिले.

"औषध काय?" मी विचारलं.

"कॅल्शियम देतो, दुखण्यावर गोळी देतो. पण खरं औषध एकच. या पायावर भार टाकायचा नाही. बाळ झाल्यावरही मी सांगेपर्यंत नाही. मोडलं तर सगळंच अवघड होईल."

आक्कांनी पुढं वाकून विचारलं, "डाक्टर, पडल्याबिगर मोडतंय हाड?"

"मोडू शकतं. नुसतं चालताना, सपाट जमिनीवरसुद्धा. आधी हाड मोडतं आणि मग माणूस पडतो. बघणाऱ्याला मात्र वाटतं, पडल्यामुळं मोडलं."

आक्का खुर्चीवर बसल्या. त्यांनी पदर तोंडाला लावून धरला. मग म्हणाल्या, "आन् लई जुनं आसलं, तर आता बगून कळतंय का, ते आसंच मोडलंतं का?" डॉक्टरांनी त्यांच्या आखूड पायाकडं पाहिलं. त्यांना उमगलं असावं. "नाही, मावशी," ते हळू म्हणाले. "आता नाही सांगता येणार. पण तसं असू शकतं."

परतताना धरणाजवळ सलीमभाईंनी टेंपोत पाणी घालायला गाडी थांबवली आणि डबा घेऊन हॉटेलाकडं गेले. समोर कोरडा तळ. आक्का माझ्या पायाशी बसल्या होत्या. माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या. बहात्तरचा दुष्काळ. त्यांना आठवा लागलेला. जांघेत असंच दुखायचं. सासू म्हणायची, नखरे करती. विहिरीवरून पाणी आणायलाच लागायचं. "पायऱ्या चढून आलते मी, सुनंदा. पायऱ्या सपल्या हुत्या. सपाट वाटंवर आलते. कडकन् वाजलं आत. आदी वाजलं, मग पडले. मी सगळ्यास्नी सांगितलं, आदी वाजलं. कुनीबी ऐकलं न्हाई. म्हनले, नीट चालता येत न्हाई, लेकरू मारलं हिनं." पोटातला मुलगा गेला. हाड कुणीतरी पट्ट्यांनी बांधलं, ते वाकडंच सांधलं. पाय जरा टेकवता येऊ लागल्यावर सासरच्यांनी माहेरी आणून घातलं. "मलाबी पुडं पुडं वाटायला लागलं, मीच पडले आसन. इतकी मानसं खोटं कावून बोलतील?" … सलीमभाई डबा घेऊन आले तशा आक्का माझ्या पायाखालची गादी सारखी करू लागल्या. मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन घाबरलेल्या बायका राहत होत्या. आक्कांनी केंद्रावर दुसरीला बसवलं आणि माझ्या खाटेजवळ ठाण मांडलं. कुबड्या आल्या, पण माझी त्यांच्यावर भिस्त नव्हती. मला शिंक यायची भीती वाटे. कूस बदलताना खुब्यात बारीक काही वाजलं की मी श्वास धरून ठेवायचे. आक्काही धरायच्या. मग विचारायच्या, "वाजलं?" मी म्हणायचे, "खाट वाजली." तेव्हा कुठं दोघी श्वास सोडायचो.

एकदा दुपारी टँकर आला आणि आक्का घागर घेऊन गेल्या. बाहेर रेटारेटीचा आवाज, मग कुणीतरी ओरडलं, "आक्का पडली!" मी कशी उठले ते मला आजही कळत नाही. दोन्ही पायांवर उभी राहिले. डाव्या खुब्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि मी खाटेवर आडवी झाले. आक्का दारातून आत आल्या, लुगडं चिखलानं भरलेलं, कोपर सोललेलं. स्वतःचं काही नाही. "टेकवलास? पाय टेकवलास का तू?" मी होय म्हटलं. त्या मटकन खाली बसल्या आणि कपाळावर हात मारून घेऊ लागल्या. "मी काय मरत न्हवते. तू कावून उटलीस? मी मेले आस्ते तरी तू कावून उटायचं?" त्यांना तशा अवस्थेत मी कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा टेंपो, पुन्हा गादी, पुन्हा तो बोगदा. चित्र येईपर्यंत आक्का दवाखान्याच्या भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. मोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नशीब. त्यानंतर आक्कांनी मला एकटीला सोडलं नाही. पाणी सलीमभाईंच्या घरचे भरून द्यायचे.

दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवलं आणि सिझेरियन झालं. मुलगी. शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा बाळाबद्दल नाही, पायाबद्दल विचारलं. याची मला आजही लाज वाटत नाही. आक्का म्हणाल्या, "दोगीबी धड हायत." मग मुलीला माझ्या कुशीत ठेवून बाहेर गेल्या. दत्तात्रयांनी नंतर सांगितलं, आक्का जिन्यापाशी बसून मोठमोठ्यानं रडत होती, मेलेल्या माणसाला रडावं तशी. कुणाला, ते त्यांना कळलं नाही. मला कळलं.

हाड भरायला वेळ लागला. दुखणं हळूहळू उतरलं, आणि एक दिवस पुन्हा काढलेल्या चित्रात ती सूज दिसेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, चाला. मी दवाखान्यातच उभी राहिले, कुबड्या भिंतीला टेकवल्या. आक्कांनी लेकीला छातीशी धरून तोंड फिरवलं. त्यांना बघवत नव्हतं. मी एक पाऊल टाकलं, मग दुसरं. काही वाजलं नाही. "आक्का, बघा," मी म्हणाले. त्या वळल्याच नाहीत. म्हणाल्या, "ऐकू येतंय मला."

पुढं त्या केंद्रावर परतल्या आणि पाय मोडल्याचं कुणी काढलं की सगळ्यांसमोर सांगू लागल्या, "पडून मोडलं न्हवतं. आदी मोडलं, मग पडले." पोटुशी बाई दूध घालायला आली की आधी तिची किटली काढून घ्यायच्या आणि पुरुष असोत नसोत, खणखणीत विचारायच्या, "जांगंत दुकतंय का?" बाया लाजायच्या, हसायच्या, न्हाई म्हणायच्या. एकदोघींना त्यांनी खरंच बीडला पाठवलं. त्यांना तसलं काही निघालं नाही. आक्कांनी त्याबद्दल संस्थेत पेढे वाटले.

गेल्या आठवड्यात, आक्का गेल्यानंतर पहिल्यांदाच, आमचं दूध घालायला मीच केंद्रावर गेले होते. तिथं आता नवीन बाई बसतात. माझ्यापुढं रांगेत खालच्या आळीतली एक सून होती, दिवस भरत आलेले. ती पुढं सरकली तेव्हा तिनं भिंतीला हात लावला आणि डावा पाय जरासा ओढून घेतला. कुणी काही विचारलं नाही. दूध मापलं जात होतं. मी वाट पाहिली. मग मला जाणवलं की विचारणारं कुणी उरलंच नाही.

"बाई," मी म्हणाले, "जांघेत दुखतं का गं तुझ्या?"

रांगेतल्या बाया हसल्या. ती हसली नाही. खाली बघत म्हणाली, "उबं ऱ्हायलं की दुकतंय."

मी तिच्या हातातली किटली काढून घेतली. "थांब," मी म्हणाले. "हलू नको तिथनं." आणि बाहेर टेंपो उभा होता तिकडं बघून मी सलीमभाईंना हाक मारली.