बिनपाळकाची मंडळी

आमच्या खाडीकाठच्या वाडीत ख्रिस्ती घरं बारा आणि मतं बाराशे. म्हसळ्याच्या बाजारात लोक म्हणत, या बारा घरांना एका होडीत बसवलं तर होडी काठालाच कुजेल, कारण पहिलं वल्हं कोणी मारायचं यावर सभा भरेल. यातलं निम्मं खोटं आहे. होडी मी नंतर घातली.

आमचे जुने पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आमच्यात तीस वर्षं होते. त्यांचं प्रवचन भरतीला सुरू होई आणि संपे तेव्हा खाडीच्या चिखलात खेकडे फिरत असत. एकदा मला त्यात झोप लागली आणि जागा झालो तेव्हा दाढी बोटभर वाढली होती. पण कोणी आजारी पडलं, की हाच माणूस न बोलावता छत्री टेकत यायचा, उशाशी बसायचा आणि तिथे मात्र चार वाक्यांच्या वर बोलायचा नाही. एकोणीसशे तीसच्या मागेपुढे ते थकले आणि मुलीकडे राहायला गेले. अलिबागेच्या मिशनमधून पत्र आलं, की तुमच्यातलाच एक निवडा, आम्ही येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवू आणि त्याला पाळक करू.

देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सभा भरली. दोन नावं सगळ्यांच्या तोंडी होती. एक शाळेचे मास्तर, दुसरा तांडेल. तांडेल म्हणजे उभा जन्म गलबतं हाकलेला म्हातारा. मी सुतार. आमच्या प्रभूचाही धंदा हाच होता, याची आठवण मी वाडीला वरचेवर करून देत असे आणि तिसरं नाव आपलं निघेल अशी आशा धरून बसलो होतो. बसल्या बसल्या मतं मोजली. तीन निघाली. एक माझं, एक मेव्हण्याचं आणि एक ठार बहिऱ्या शेजाऱ्याचं, ज्याला कशाला हात वर करायचा तेच कळत नव्हतं.

तेव्हा मी उभा राहिलो. माझा आवाज असा, की पलीकडच्या काठावर कोंबड्या अंडी घालायच्या थांबत.

"प्रभू जिवंत हाय का न्हाय?" मी विचारलं.

"हाय," सगळे म्हणाले.

"मग मेलेल्याच्या गादीवर बसवावा तसा त्याच्या जागी माणूस कशाला बसवता?"

मास्तरांनी पाहिलं, की निदान तांडेल तरी होत नाही. तांडेलाने पाहिलं, की मास्तर होत नाही. दोघांनी एकदम मान हलवली. बारा घरांचं ते पहिलं एकमत.

मी सागवानाची एक खुर्ची केली, पाठीला आणि हातांना ताडाची पानं कोरली आणि ती देवळात पुढे ठेवली. ही प्रभूची खुर्ची, हिच्यावर कोणी बसायचं नाही. ठरावही मीच लिहिला. प्रत्येक गोष्ट एकमताने करायची. प्रभूच्या आठवणीने पाव आणि द्राक्षरस घ्यायचा ते प्रभुभोजन; त्याला एकाच माणसाने पाव मोडला तर तो मोठा होतो, म्हणून एक थोरला पाव मुद्दाम भाजून आणायचा आणि बारा घरांच्या बारा हातांनी तो एकदम मोडायचा. पहिल्या खेपेला इतका जोर लागला, की तुकडे कौलांपर्यंत उडाले आणि कावळ्यांनी आमच्याआधी प्रसाद घेतला.

"अहो, तुमची मंडळी पाव मोडते का रस्सीखेच खेळते?" बायकोने घरी येताना विचारलं.

"यात तत्त्व हाय."

"तत्त्व कावळ्यांनी नेलं."

माझी बायको अशीच होती. मी हत्ती उभा करावा आणि तिने त्याची शेपटी धरून उंदीर दाखवावा.

खुर्चीवर धूळ बसू लागली. पुसायची कोणी, हे ठरावात लिहायचं राहून गेलं होतं. कोणी पुसत नाही म्हणून तांडेल पुसू लागला. सहा महिन्यांनी तो म्हणायला लागला, "काल खुर्ची पुसताना माझ्या मनात आलं..." आणि लोक ऐकू लागले. मग एका रविवारी मास्तर घरून स्वतःचं फडकं घेऊन आले. दोन फडकी, एक खुर्ची. तांडेल खुर्चीच्या एका हातावर, मास्तर दुसऱ्या हातावर, आणि दोघांच्या घासण्याने माझी कोरलेली पानं गुळगुळीत झाली. मास्तरांच्या बाजूची पाच घरं डावीकडे बसू लागली आणि त्यांनी पावाला हात लावणं सोडलं. तांडेल म्हणे, सात हातांनी मोडू. मास्तर म्हणत, ठराव बाराचा आहे. दोघेही माझ्याकडे बघत, आणि मी छाती काढून म्हणे, ठराव म्हणजे ठराव. असं वर्ष गेलं. वर्षभर वाडीत कोणाला प्रभुभोजन मिळालं नाही.

भादव्यात बायकोला ताप भरला. म्हसळ्याच्या डॉक्टरांनी कडू औषध दिलं, ते पोटात ठरेना. दहाव्या दिवशी सकाळी तिने मला जवळ बोलावलं.

"मला प्रभुभोजन पायजे."

"बरी हो, मग देवळात घे."

"देवळात काय मिळतंय? अलिबागेला माणूस पाठवा. तिथले पाळक येतील."

"अगं, पाळक नको म्हणून मीच बोंबललो. आता मीच बोलावला तर बारा घरं काय म्हणतील?"

"बारा घरांना ताप न्हाय आलेला," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "बरं, मग तुम्हीच द्या. तुमच्या हाताने."

"माझा एकट्याचा हात कसा चालंल?"

"खाणार मी. मला चालंल."

फडताळात पाव होता. द्राक्षरसाऐवजी मनुका भिजवून त्यांचं पाणी करायला घटका पुरली असती. मी पाव काढला नाही. मी चपला घातल्या आणि बारा घरांचं एकमत करायला बाहेर पडलो.

दोन दिवस फिरलो. तांडेल म्हणाला, "येतो, पण मास्तर असला तर माझा हात त्याच्या हाताला लागता कामा नये." मास्तर म्हणाले, "येतो, पण त्यांनी फडकं घरी ठेवावं." मी हात जोडले, रडलो, धमकावलं. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराही घरं माझ्या अंगणात उभी राहिली. मला वाटलं, जिंकलो.

माझ्या घराचं दार बुटकं. एका वेळी एकच माणूस वाकून आत जाईल एवढं. आणि पहिलं कोणी आत जायचं?

तांडेल म्हणाला, "वयाने मी." मास्तर म्हणाले, "वय कुठल्या ठरावात आहे?" कोणी म्हणालं, चिठ्ठ्या टाका. कोणी म्हणालं, चिठ्ठ्या टाकणं म्हणजे जुगार. मी पाव हातात धरून या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होतो. बायकोच्या उशाशी बसलेली माझी बहीण दारात आली आणि म्हणाली, "आता राहू दे."

मी जन्मभर गोष्टी फुगवत आलो. ही एवढी फुगवलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दफनाच्या जागेत खड्डा खणला. शेजारचा नारळाचा व्यापारी मुसलमान, तोही खांदा द्यायला आला होता. पेटी खाली सोडली. मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. एकाने घसा साफ केला, तर बाकीच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो खोकलाच असं ठरलं.

"सुतारभाऊ," व्यापारी हळूच म्हणाला, "दुआ कोन मागनार?"

"आमच्यात पुढे कोणी नसतो," मी म्हणालो.

तो गोंधळला. "आमच्यात भी कोनीएक पुढं हुबा राहतो. तो मोठा म्हनून न्हाय. कोनी पुढं नसंल तर रांग कुठं लावनार?"

मला चार वाक्यं येत होती. पाळकांची तीस वर्षं ऐकलेली, पाठ होती. मी पाऊल उचललं आणि तिथेच ठेवलं. वाटलं, लोक म्हणतील, बघा, बायकोच्या मढ्यावर उभा राहून हा पाळक झाला.

व्यापारी खाली वाकला, मूठभर माती उचलली आणि ती माझ्या हातात दिली.