पालथ्या पाठीवरचे हात

पुढाऱ्याची बायको मध्येच उठून बसली आणि तिनं मला पाहिलं. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले. अर्धा तास मी तिची आखडलेली कंबर मोकळी करत होते. ती पालथी होती, तोंड उशीत, तोवर सगळं ठीक होतं.

"कोनाची गं तू?" तिनं विचारलं. आमच्याकडं असं विचारलं की जात विचारलेली असते. मी घाटनांदूरच्या आमच्या वस्तीचं नाव सांगितलं. तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली. "ही हात लावीत व्हती का मला?"

फोनवर बोलत बाहेर गेलेल्या, सेंटर चालवणाऱ्या मॅडम धावत आल्या. "छे हो. ती तेल ठेवायला आली होती. हात माझेच." मग माझ्याकडं वळून, "हो ना गं?"

मी म्हणाले, "व्हय."

त्या एका शब्दाची लाज मला अजून वाटते. तिनं शिवी दिली असती तर ऐकून घेतली असती, सवय आहे. पण हे खोटं मी माझ्याच तोंडानं बोलले.

सेंटरची रीतच तशी होती. अंबाजोगाईत मॅडमचं सेंटर. बाहेर पाटी, पाठ-मान-कंबर, गोळ्या-इंजेक्शनाशिवाय इलाज. बाई पालथी झाली की मॅडम तिच्या खांद्यावर हात ठेवून दोन शब्द बोलायच्या आणि मागं सरायच्या. मग पडद्याआडून मी. बोलायचं नाही. बांगड्या घालायच्या नाहीत, आवाज होतो. काम झालं की मी आत, आणि बाई उताणी होईल तेव्हा समोर मॅडम.

हे काम आईनं शिकवलेलं. ती सुईण. मणक्यावरून अंगठा उतरवत गेली की कुठं आखडलंय, कोणता खांदा वर उचललाय, हे तिला डोळे मिटून कळायचं. अख्ख्या गावाच्या बाळंतिणी तिनं चोळल्या, आणि तिची पाठ वळली की त्या घरांत अंघोळी व्हायच्या. तरी तिनं कुणाचं वाईट होऊ दिलं नाही. ती म्हणायची, "पाय बधिर झाला, लघवी कळंना झाली, की हात काढायचा. ते आपलं काम न्हाई. त्याच दिवशी दवाखाना."

पंधरा दिवसांनी एक फळवाली आली. संत्र्यांचं क्रेट उचलताना कंबरेत उसण भरलेली. पहिल्याच दिवशी ती उशीत तोंड घालून म्हणाली, "म्याडम, डावा पाय हाय का न्हाई, तेच कळंना." मी तळव्यावर नख ओढलं. पाय हलला नाही. चादर ओली झाली होती आणि तिला पत्ता नव्हता.

 पडद्यामागं जाऊन मॅडमना सांगितलं, हिला दवाखान्यात पाठवा. त्या म्हणाल्या, "तू तेलाची बाई आहेस. तीन दिवसांचं सांगितलंय तिला. तीन दिवस दाब."

मी दाबलं. तीन दिवस. मोठा दवाखाना रिक्षानं दहा मिनिटांवर. मला फक्त तोंड उघडायचं होतं. घरात कमावणारी मी एकटी, असं मनाला सांगत राहिले. ती बिचारी, हात मॅडमचेच समजून, रोज दुवा द्यायची. ते ऐकून मला जीव नकोसा व्हायचा.

तिसऱ्या दिवशी तिला उठताच येईना. तेव्हा मी तिच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, मॅडम नाही, मी दाबत होते, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. नवऱ्यानं तिला उचलून नेलं. ऑपरेशन झालं. उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. आता ती काठी टेकून चालते, डावा पाय फरफटतो. लघवीची नळी सुटलेली नाही. मला त्याच दिवशी कामावरून काढलं.

परवा मॅडमचे मिस्टर आमच्या दारात आले. वस्तीत पहिल्यांदाच. दाराबाहेर उभं राहूनच म्हणाले, फळवालीच्या नवऱ्यानं तक्रार केलीय, सोमवारी चौकशी आहे. "तू एवढंच सांग, मॅडम नव्हत्या, मी माझ्या मनानं हात लावला. कामावर परत घेऊ."

पुढाऱ्याची बायको ताठ चालायला लागली तेव्हा हात मॅडमचे होते. फळवालीचा पाय गेल्यावर ते माझे झाले. 

"हात माझेच व्हते," मी म्हणाले. "ते सांगनार हाय. हुकूम कोनाचा व्हता, तेबी सांगनार."

ते केसची भीती घालून गेले. होऊ दे केस. सोमवारी फळवाली समोर बसलेली असेल. तिच्याकडं मी माफी मागणार नाही, तेवढा हक्क मला नाही. पहिल्या दिवशीच मला कळलं होतं आणि मी गप्प बसले, हे सगळ्यांच्या आधी तिच्या तोंडावर सांगेन. मॅडमचा गुन्हा मी अंगावर घेणार नाही. माझा आहे तो पुरता घेईन.