हातानं निवडलेली वेताची मांडणी

आमच्या स्वयंपाकघरात आधी लोखंडी कपाट होतं. त्याचं उघडं राहिलेलं दार बायकोच्या कपाळाला लागलं आणि टाके घालावे लागले. दवाखान्यातून परत येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "ते कपाट घरातून काढा."

आम्ही गेवराईत राहतो. मी तलवाड्याच्या शाळेत शिकवतो, रोज मोटारसायकलनं जाऊन-येऊन असतो. बायको घरी ब्लाउज शिवायची. कपाट लागायच्या बऱ्याच आधी दिवेलागणीला ती अंगणातल्या पायरीवर अडखळायला लागली, तेव्हा आम्ही ते थकव्यावर ढकललं. मग रस्त्यात बाजूनं आलेली सायकल तिला दिसेना. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून बराच वेळ तपासलं आणि सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही, आणि ही कड वर्षागणिक आत सरकत येणार. औषध नाही. चष्म्याचाही उपयोग नाही.

तिनं मला तिथंच, दवाखान्याच्या जिन्यात, बजावलं, "घरात कुणाला सांगायचं न्हाई. आक्कांना तर न्हाईच."

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, घाटनांदूरला दिलेली. आई-वडील गेल्यापासून आमच्या घरावर तिचीच देखरेख. मी बरं म्हणालो. कपाळाच्या टाक्यांबद्दल आक्काला फोनवर सांगताना "घाईत होती" असं सांगितलं.

कपाट काढलं, पण डबे, बरण्या, औषधं ठेवायची कशात, हा प्रश्न राहिला. मी बाजारात जाऊन प्लायवूडचं बघितलं. कोपरे टोकदार आणि वजन इतकं की दोघांशिवाय हलणार नाही. काचेच्या दारांचं तर विचारायलाच नको. लोखंडी रॅकच्या पत्र्याला धार होती. बायको म्हणाली, "माझ्या मावशीकडं वेताची खुर्ची होती. कुठंबी आपटलं तरी लागायचं न्हाई. तसलं मिळंल का कुठं?"

नवं वेताचं सामान मी बीडमध्ये एका दुकानात बघितलं. दिसायला वेत, हात लावला तर प्लास्टिक. जुनं मिळेल का याची चौकशी करत राहिलो. शेवटी शाळेतल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं, बीडमध्ये त्याच्या ओळखीचं एक लिंगायत घराणं आहे, कापडाचे व्यापारी. मुलं पुण्याला गेली, दुकान बंद झालं, आता म्हातारी पण तिकडंच जाणार. तिच्याकडं वेताचं सामान आहे आणि ती ते भंगारवाल्याला द्यायला तयार नाही.

रविवारी आम्ही दोघं एसटीनं गेलो. दुकानामागच्याच खोल्यांत त्या बाई राहत होत्या. कपाळाला भस्म, अंगावर साधी सुती साडी, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी पाणी दिलं आणि थेट मागच्या खोलीत नेलं. खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यासमोर सामानाच्या पेट्या रचलेल्या.

"मामंजींनी हैदराबादेहून आनलं होतं सगळं," त्या म्हणाल्या. "दुकानात साड्यांच्या घड्या ठेवायला. बघा, दोन हायेत."

एक मांडणी उंच होती. वरती कमान, दोन्ही बाजूंना वेत वळवून काढलेल्या वेलबुट्ट्या, मधल्या खणाला जाळीची छोटी दारं. रंगही सुंदर, जुन्या मधासारखा. दुसरी ठेंगणी आणि रुंद, चार सरळ खण, नक्षी काहीच नाही. माझं मन पहिल्या मांडणीवर बसलं. मी बायकोला म्हणालो, "ही घेऊ. घराला शोभा येईल."

ती त्या उंच मांडणीजवळ गेली आणि वरपासून खालपर्यंत हात फिरवला. एका वेलबुट्टीत तिच्या बांगड्या अडकल्या. त्या सोडवून घेतल्या. मग खाली बसून पायाशी बोटं नेली, बोटं एकमेकांवर घासली आणि माझ्यापुढं धरली. बोटांवर पिठासारखी बारीक भुकटी होती.

"कीड लागली हाय हिला," ती म्हणाली. "आतून पोखरतीय."

मग ठेंगणीकडं वळली. दोन्ही हातांनी धरून हलवली. मांडणी करकरली, पण डुलली नाही. सांध्यांवर वेताची साल घट्ट गुंडाळलेली होती. एकच सांधा सुटला होता, तो तिनं अंगठ्यानं दाबून बघितला. प्रत्येक खणाच्या पुढं बोटभर उंचीची गोल कड होती. त्या कडेवरून तिचा हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"हिच्यावरून डबा घसरायचा न्हाई," ती म्हणाली.

त्या बाई मघापासून दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "तुमी सगळं हातानंच बघताय. दिसत न्हाई का तुमाला?"

मी चटकन काहीतरी सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच बायको म्हणाली, "अंधारात न्हाई दिसत. उजेडात समोरचं दिसतं, कडेचं न्हाई. पुढं तेबी जाईल म्हनतेत."

इतक्या सरळ तिनं ते मलाही कधी सांगितलं नव्हतं. मी खिडकीकडं बघत राहिलो. बाईंनी हळहळ केली नाही. पेट्या बाजूला सरकवून उजेड आत घेतला आणि म्हणाल्या, "मग हीच न्या. माझा हात हिच्यावर लई वर्षं फिरलाय. एक कुसळ न्हाई लागायचं."

भाव ठरवताना त्यांनी फार ताणलं नाही. मांडणी छोट्या टेम्पोत घालून गेवराईला आणली.

तिची साफसफाई बायकोनंच केली. ओल्या फडक्यानं पुसली, दातांच्या जुन्या ब्रशनं विणीतली धूळ काढली, सावलीत वाळवली आणि जवसाच्या तेलाचा हात दिला. घरभर दोन दिवस जवसाचा वास येत होता. सुटलेला सांधा मी सुतळीनं बांधला. तिनं तो सोडला आणि पुन्हा स्वतः बांधला, कारण माझी गाठ हाताला टोचत होती.

मग तिनं सामान लावलं. वरच्या खणात चहा, साखर, मीठ. त्याखाली डाळी. तिसऱ्यात औषधं आणि शिवणाची पेटी. सगळ्यात खाली जड भांडी. मीठ चिनी मातीच्या बरणीत, साखर स्टीलच्या डब्यात, म्हणजे झाकण उघडायच्या आधीच हाताला कळावं. मला एकच नियम घातला: जिथून उचललं तिथंच ठेवायचं. मी दोनदा चुकलो, दोन्ही वेळा बोलणी खाल्ली, मग शिकलो.

दिवाळीत आक्का आली. आक्का कुठंही गेली की तिला तिथं काम सापडतं. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर आणायला गेलो होतो, बायको अंघोळीला. तेवढ्यात आक्कानं मांडणी रिकामी केली, पुसली, आणि डबे उंचीप्रमाणं ओळीनं लावून टाकले. तांब्याची घागर खालच्या खणातून काढून घासायला म्हणून समोर जमिनीवर ठेवली.

मी परत आलो तर बायको जमिनीवर बसलेली, घागर आडवी झालेली, आणि ओट्यावरून घेतलेलं दूध फरशीवर सांडलेलं. कोपराला चांगलंच खरचटलं होतं. आक्का फडकं घेऊन दूध पुसत बोलत होती, "एवढी मोठी घागर दिसंना का तुला? जरा बघून चालावं मानसानं!"

"बघताच येत न्हाई, आक्का," बायको म्हणाली.

आक्काचा हात थांबला. तिला वाटलं, चक्कर आली असावी. मग बायकोनं बसल्या जागेवरून सगळं सांगितलं: डॉक्टर काय म्हणाले, काय दिसतं, काय नाही, कपाळाला कपाट कसं लागलं. आवाज एकदाही कापला नाही.

"अन् हे मला आता सांगतीस?" आक्का म्हणाली. मग माझ्याकडं वळली, "तू बी गप बसलास? कावून?"

"मीच म्हनले त्यांना," बायको म्हणाली. "तुमी येऊन कीव करत बसाल म्हनून."

"कीव?" आक्काचा आवाज चढला. "मला तेवढी फुरसत हाय का गं? घरी दोन म्हशी हायेत माझ्या!"

बायकोला हसू आलं. त्यावर आक्काच रडली, पदरानं नाक पुसलं, आणि बायकोच्या कोपराला हळद लावायला बसली.

दुपारी दोघींनी मांडणी पुन्हा लावली. आक्का एकेक डबा हातात द्यायची, बायको तो त्याच्या जागी ठेवायची आणि ही जागा कावून, तेही सांगायची. आक्काला एक जागा पटली नाही. वरच्या खणातली तेलाची बरणी खाली हवी, पडली तर तेलावरून पाय घसरेल, असं तिचं म्हणणं होतं. त्यावर बराच वाद झाला. शेवटी बरणी खालच्या खणात गेली, कारण त्यात आक्काचं बरोबर होतं.

त्या संध्याकाळी आक्कानं फोन हातात घेतला आणि सगळ्या नात्यातल्यांना स्वतः कळवलं. बायको आत बसून ऐकत होती. मला वाटलं, तिला ते आवडणार नाही. पण रात्री जेवताना ती म्हणाली, "बरं झालं. मला एकेकाला सांगत बसावं लागलं असतं."

आता तिला समोरचं वाटीएवढंच दिसतं. शिवणकाम बंद केलंय. त्याऐवजी शेजारच्या दोन पोरींना माप घेणं आणि कापड बेतणं तोंडी शिकवते. मांडणी आहे तिथंच आहे. एक पाय उंदरानं कुरतडला, त्याला लाकडाचा तुकडा जोडलाय. आक्का वर्षातून दोनदा येते, आल्या-आल्या पिशव्या जमिनीवर न ठेवता खुंटीला लावते, आणि तेलाची बरणी खालच्या खणातच आहे ना, ते तपासते.