तीन लिहा, तात्या

आमच्या इंदापुरात कुणाच्याही घरी गेला की हा माणूस बसायच्या आधी मोरीत जायचा. नळ सोडायचा, धार बघायचा, नळ बंद करायचा आणि मगच चहाला हो म्हणायचा. कुणाच्या सोयरिकीला पाहुणा म्हणून नेला तरी तेच. मुलीकडच्यांना वाटायचं, हातपाय धुतोय. तो प्लंबर होता. धार बारीक दिसली की त्याला चहा गोड लागत नसे.

"हुतंय की," हे त्याचं ठरलेलं उत्तर. वायसर गेला? हुतंय की. टाकी गळते? हुतंय की. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना कामापुरती हाक मारतो आणि काम झालं की विसरतो.

मी तहसील कचेरीसमोर टेबल टाकून बसतो. फॉर्म भरायचे, प्रतिज्ञापत्रं करायची, रेशनकार्डात नावं चढवायची, हा माझा धंदा. तो बारामतीहून बिऱ्हाड घेऊन इकडं आला, तेव्हा रेशनकार्डासाठीच माझ्याकडे आला होता. सोबत दोन मुलगे आणि बायकोच्या कडेवर वर्षाची पोर. पोरीच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव वेगळं होतं. ते त्याच्या धाकट्या भावाचं. भाऊ आणि भावजय सोमेश्वरनगरजवळ मोटारसायकलवरून येताना उसाच्या ट्रॉलीवर आदळले आणि जागेवरच गेले. पोर शेजारणीकडे होती म्हणून वाचली. मी विचारलं, मुलं किती लिहू?

"तीन लिहा, तात्या. आन् ही गोष्ट परत काढायची न्हाय."

लिहिलं मी तीन. कसं बसवलं ते विचारू नका. त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला, आणि थोडा स्वतःचाही.

पोरगी सातवीत गेली तेव्हा नगरपरिषदेची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डातल्या शेवटच्या दोन गल्ल्यांना पाणी म्हणजे करंगळीएवढी धार, तीही दिवसाआड. तिथल्या बायकांनीच त्याला उभं केलं. तो म्हणायचा, नगरसेवक व्हायचंय कुणाला, मला निस्ती त्या व्हॉल्वची किल्ली पायजे. पण खरं सांगतो, त्याला व्हायचं होतं. पांढरा शर्ट शिवून घेतला होता त्यानं. तो घालून आरशासमोर हात जोडताना बायकोनं त्याला पकडलंही होतं.

प्रचार कसला, कप्पाळ! मतं मागायला निघाला तरी पिशवीत पाना असायचाच. पहिल्याच घरी नळ सोडून बघायचा आणि तिथंच दुपार व्हायची. मी चिडायचो. म्हणायचो, अरे बाबा, या चालीनं तुझी एक गल्ली संपायला पुढची निवडणूक येईल. पोरगी मात्र जोरात होती. चिन्हवाटप व्हायच्या आधीच तिनं वहीची पानं फाडून त्यांवर नळ रंगवले आणि मैत्रिणींना घेऊन दारोदार वाटले. चिन्ह दुसरंच मिळालं तर काय करशील, असं विचारलं, तर म्हणाली, पुन्हा रंगवू, तात्या, त्यात काय.

मला मात्र वेगळीच धास्ती होती. कायदा असा, की मुलं दोनच हवीत. तिसरं असलं की अर्ज बाद. उमेदवारी अर्जात मी दोन लिहिलं, कारण खरी त्याची दोनच. त्यानं त्या आकड्यावर बोट ठेवलं. हे कुणी मोठ्यानं वाचणार न्हाय ना, एवढंच त्यानं विचारलं. मी म्हणालो, नाही रे, जन्मदाखला माझ्या पिशवीत ठेवतो, कुणी हरकत घेतलीच तर निवडणुकीच्या साहेबांना बाजूला घेऊन दाखवू. इथंच मी चुकलो. तिथं बाजूला असं काही नसतं.

छाननीच्या दिवशी नगरपरिषदेचा हॉल गच्च भरला होता. समोरच्या उमेदवाराच्या माणसानं रेशनकार्डाची झेरॉक्स टेबलावर ठेवली. त्यातलं तिसऱ्या मुलाचं नाव माझ्याच अक्षरात होतं. साहेबांनी खुलासा विचारला. मी पुढं होऊन म्हणालो, साहेब, जरा खाजगीत सांगायचंय. ते म्हणाले, काय असेल ते सगळ्यांसमोर सांगा, मला निकालात कारण लिहावं लागतं. मी पिशवीत हात घातला. तेवढ्यात त्यानं माझं मनगट धरलं. तो दाराकडे बघत होता. दारात पोरगी उभी होती, शाळेच्या ड्रेसमध्ये. बापाचा फॉर्म मंजूर होताना बघायला शाळा बुडवून आली होती.

"तीन हायत, सायेब," तो म्हणाला. "लिवताना चुकलं. तिन्ही माझीच."

अर्ज बाद झाला. दाखला पिशवीतच माझ्या मुठीत चुरगळला होता. मी बोलायला हवं होतं का? मला अजून कळलेलं नाही.

पण पोरगी काही खुळी नव्हती. जिना उतरता उतरता तिच्या ध्यानात आलं, की दोन असती तर चाललं असतं, आणि तिसरी आपण. ती पायरीवरच बसली. मी झालेच नसते तर पप्पा उभं राहिलं असतं, असं म्हणून रडायला लागली. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. खरं सांगावं तर पोर बापाला मुकणार, न सांगावं तर जन्मभर स्वतःला बोल लावणार. शेवटी त्यानं तिचं दप्तर खांद्याला लावलं आणि तिला घरी घेऊन गेला. मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पुन्हा त्यानं निवडणुकीचं नाव काढलं नाही. गेल्या वर्षी कुणाच्या तरी टाकीवर काम करताना छातीत कळ आली, आणि बारामतीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला.

तेराव्याला मी त्यांच्या घरी गेलो. पोरगी चहा घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. आता चांगली एकवीस-बावीस वर्षांची झालीय.

"तात्या, पप्पांचा फॉर्म माझ्यामुळंच गेला न्हवं? ते कधी बोललं न्हाईत. पण मला म्हाईत हाय."

तिची आई आतल्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. सांगू नका.

"न्हाय गं," मी म्हणालो. "एक कागद जोडला असता तर फॉर्म राहिला असता. तो आणायला मी विसरलो. तुझ्यामुळं कायबी झालं न्हाय."

तिनं माझ्यासमोरचा चहा उचलला आणि आत नेला.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. रोज कचेरीवरून जाते, माझ्या टेबलाकडे ढुंकूनही बघत नाही. मी बघतो. मान वर करून चालते पोरगी.