शिसारी सर आणि बारा बाण

नगरच्या आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एका सरांना मुलं 'शिसारी सर' म्हणत. हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. प्रयोगवहीत कुणी मनाचे आकडे भरलेत असं दिसलं, की सर ती वही मेलेली पाल उचलावी तशी दोन बोटांच्या चिमटीत धरत आणि टेबलाच्या कडेला नेऊन ठेवत. मग साबणाने हात धुऊन येत. "मार्क देणं माझ्या हातात आहे," ते म्हणत, "शिसारी येणं माझ्या हातात नाही."

एकदा लंबकाच्या प्रयोगात एका लंबकाचा दोरा आदल्या दिवशीच तुटला होता. तरी त्या टेबलावरच्या चारही मुलांचं उत्तर पुस्तकातल्यासारखं अचूक आलं. सर त्यांच्यावर रागावले नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी डबाही उघडला नाही. शिपाई रामभाऊ मला म्हणाला, "बाई, सरांना ताप न्हाई, काई न्हाई. पोरांच्या वह्या बगून पोट ढवळलंय."

सत्तर सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. मी सोनईची. बी.एस्सी. झाल्यावर त्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होते. दुष्काळामुळे मेसमध्ये मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकऱ्या असायच्या. त्या घशाखाली उतरत नसत. सर पंचेचाळिशीचे, पुण्याच्या एका मार्गदर्शकांकडे पीएच.डी. करत होते. ती झाली तर विभागात वरची जागा मिळणार होती. एक दिवस त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. मोजणीत मदत कराल?"

काम काय ते त्यांनी फळ्यावर तीन बाण काढून सांगितलं. चुंबकी पदार्थातला प्रत्येक अणू म्हणजे एक छोटा बाण. तो वर बघतो किंवा खाली. काही पदार्थांत शेजाऱ्याच्या उलट बघायची प्रत्येकाला ओढ असते. शेजारी दोघंच असतील तर प्रश्न नाही. पण तिघं त्रिकोणात बसले, एक वर झाला, एक खाली झाला, तर तिसऱ्याने काय करायचं? एकाची समजूत काढली की दुसरा नाराज.

"तिघी जावांसारखं," मी म्हणाले.

सर म्हणाले, "जावांची ऊर्जा मोजता येत नाही. यांची येते."

त्यांनी त्रिकोणांच्या जाळीवर बारा बाण घेतले होते. बारा बाणांच्या मांडण्या होतात चार हजार शहाण्णव. सगळे बाण उलटे केले तरी ऊर्जा तीच, म्हणून निम्म्याच मोजायच्या. प्रत्येक मांडणीत छत्तीस शेजारजोड्यांपैकी किती विरुद्ध आहेत ते बघायचं आणि तक्त्यात नोंदवायचं. त्या तक्त्यावरून, पदार्थ तापवत नेला तर तो उष्णता कशी घेईल, याचा आलेख निघे. संगणक पुण्या-मुंबईला. तिथे पाळी मिळवायची तर कुणाच्या तरी पुढेपुढे करावं लागे, आणि तेही सरांना शिसारीचंच वाटे. म्हणून आम्ही हातानेच मोजत होतो.

चार महिने मी इमानाने मोजलं. लाल रेघांच्या रजिस्टरात बारीक बाणांच्या रांगाच्या रांगा. शेवटच्या दोनेकशे मांडण्या उरल्या तेव्हा मला त्या बाणांचा उबग आला होता. वसतिगृहातल्या मुली शनिवारी शिर्डीला निघाल्या होत्या आणि सरांना सोमवारी तक्ता हवा होता. मी शुक्रवारी संध्याकाळी बसले आणि उरलेले आकडे मनाने भरले. मांडण्यांची एकूण बेरीज जुळेल एवढी काळजी घेतली. मग शिर्डीला गेले, रांगेत उभी राहिले, पेढे आणले. त्यातला एक सरांनाही दिला.

तक्त्यावरून आलेख निघाला तेव्हा कमी तापमानाच्या बाजूला एक छोटा उंचवटा दिसला. तो कुणालाच अपेक्षित नव्हता. सर दोन दिवस त्याच्याकडे बघत होते. "कमाल आहे," एवढंच म्हणाले, पण जिना उतरताना गुणगुणत होते. पुण्याच्या मार्गदर्शकांनी तर पत्रात लिहिलं, की या उंचवट्यावरच प्रबंध उभा राहील. तो उंचवटा माझा होता.

प्रबंध सादर व्हायला महिना उरला असेल. सर वर्गात तेच तीन बाण काढून मुलांना शिकवत होते. मी मागच्या बाकावर बसले होते. "तिघांच्या मांडण्या आठ," ते म्हणाले. "कुठलीही एक जोडी घ्या. ती बरोबर निम्म्या मांडण्यांत विरुद्ध असणार. तीन बाण असोत की बारा..." आणि खडू थांबला. त्यांनी तो फळ्याखाली ठेवला आणि तास अर्धा टाकून निघून गेले.

मी त्यांच्या खोलीशी गेले तेव्हा रजिस्टरं उघडी होती. नियमाप्रमाणे विरुद्ध जोड्यांची एकूण संख्या किती यायला हवी, ते त्यांनी कागदावर लिहिलं होतं. खाली आमच्या तक्त्यातली संख्या. दोन्ही जुळत नव्हत्या.

"बाई, कुठेतरी चुकलंय," ते म्हणाले. "माझंच काहीतरी..."

ते वाक्य मला ऐकवेना. "सर, शेवटची सात पानं मी मोजलेली नाहीत."

"म्हणजे?"

"मनाने भरली."

त्यांनी रजिस्टर मिटलं. चिमटीत धरलं नाही, दोन्ही हातांनी मिटलं. पण नंतर माझ्याकडे बघितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते तोवर मी फक्त मुलांच्या वाट्याला आलेलं पाहिलं होतं. "तुम्ही जा आता," ते म्हणाले. मी वसतिगृहावर गेले आणि नळाखाली हात धरून उभी राहिले. मला माझीच किळस वाटत होती.

दुसऱ्या आठवड्यात ते पुण्याला निघाले. मीही येते म्हणाले. "कशाला?" त्यांनी विचारलं. "मला सांगायचंय," मी म्हणाले. एस.टी.त ते पुढच्या बाकावर बसले. मी मागे.

मार्गदर्शकांच्या खोलीत पंखा होता आणि बशीत बिस्किटं. सरांनी सगळं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. 'मोजणीत खोट आहे' एवढंच म्हणाले. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

मार्गदर्शक हसले. "दोनशे मांडण्यांनी काय बिघडतंय हो? मांडण्यांची बेरीज जुळते ना?"

"बेरीज जुळवली आहे."

"मग झालं तर. परीक्षक काय रजिस्टरं उघडून बसणार आहेत? तो उंचवटा राहू द्या. लोकांना आवडेल." त्यांनी बिस्किटाची बशी पुढे सरकवली.

सर उठले. "मी प्रबंध मागे घेतो," म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून बाहेर आले. जिन्यात त्यांना खरोखर उमासा आला. कठड्याला धरून ते थोडा वेळ उभे राहिले. मी पाण्याची बाटली पुढे केली. ती त्यांनी घेतली. त्या प्रवासात आमच्यात झालेली तेवढीच देवाणघेवाण.

विभागातली जागा दुसऱ्याला मिळाली. त्या दुसऱ्याच्या प्रयोगवह्या कशा असत हे अख्ख्या कॉलेजला माहीत होतं. स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले, आणि सरांच्या मूर्खपणावर मिटक्या मारत चर्चा झाली. मला ते लोक बघवत नव्हते, आणि त्यांच्यापेक्षा मी काही वेगळी नव्हते, हेही सहन होत नव्हतं. सरांनी रजिस्टरांना मला पुन्हा हात लावू दिला नाही. पहिल्या मांडणीपासून सगळं एकट्याने परत मोजलं. वर्ष गेलं. उंचवटा नाहीसा झाला. राहिली ती साधी, उतरती रेघ.

पुढे त्यांनी जिल्ह्याबाहेरच्या एका लहान कॉलेजात नोकरी धरली. निघायच्या दिवशी मी स्टँडवर गेले. रामभाऊ ट्रंक टपावर चढवत होता. सरांनी पिशवीतून नवी रजिस्टरं काढून माझ्या हातात दिली.

"तपासा," ते म्हणाले. "मी मोजलंय म्हणून खरं समजू नका."

मी रजिस्टरं काखेत घेतली आणि मान हलवली.

मी सगळं तपासलं. एकही ओळ गाळली नाही. पाच महिने लागले. सोनईला दिवाळीला गेले तेव्हाही रजिस्टर बरोबर होतं. आई म्हणाली, "काय गं, हे बान बान? सनासुदीला कुनी असं बसतं व्हय?" साठाव्या पानावर मला एक चूक सापडली. सरांची. एक बाण वरचा खाली झाला होता. कळवावं की नाही या विचारात तीन दिवस गेले, मग कार्ड टाकलं.

आठ दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. बारीक, सरळ अक्षर: 'आपलं बरोबर आहे. चूक माझी. तक्ता दुरुस्त केला. आता सोळा बाण घेऊ.'

सोळा बाणांच्या मांडण्या पासष्ट हजारांच्या वर जातात. मी 'घेऊ' हा शब्द पुन्हा पुन्हा वाचला, आणि त्याच दिवशी बाजारात जाऊन सहा कोरी रजिस्टरं आणली.